जादा श्वासाचा रुग्ण

नगरपालिकेच्या तरण तलावावर जीवरक्षकाची एक जागा रिकामी होती आणि त्या जागेसाठी उमेदवाराची फुप्फुसे सामान्य असल्याचा दाखला लागत होता. अट वाजवी होती. बुडणाऱ्याला वाचवायला उतरलेल्या माणसालाच धाप लागली, तर एकाऐवजी दोघांना बाहेर काढावे लागते, आणि त्या दुसऱ्यासाठी तिसरा माणूस नेमण्याची अंदाजपत्रकात तरतूद नव्हती.

या जागेसाठी अर्ज केलेल्या तरुणाला सगळी गल्ली भाता म्हणे. एका बुडीत तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येणारा हा मुलगा वर आल्यावर धापा टाकण्याऐवजी "किती वाजले?" असे विचारत असे. त्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. यात त्याचा काही मोठेपणा नव्हता. वर्गातली मुले सिगारेट ओढायला शिकत होती तेव्हा तो पाण्याखाली होता, आणि तो वर येईपर्यंत मुलांनी सिगारेट सोडून वेप धरला होता. त्याला फक्त ही नोकरी हवी होती. दिवसभर पाण्याच्या काठावर बसायचे आणि वर पगारही मिळायचा, याहून मोठे सुख त्याला कल्पनेतही सुचत नव्हते.

श्वसन आरोग्य केंद्र तिसऱ्या मजल्यावर होते. बाहेरच्या दालनात 'धूम्रपान सक्त मनाई' असा भिंतभर फलक होता आणि त्याच्याखालच्या बाकांवर पन्नासेक तरुण हातात रंगीत नळकांडी घेऊन आपापल्या पाळीची वाट पाहत होते. दालनात ढग इतका दाट होता की तोंडे दिसत नव्हती. शिपाई नाव पुकारी, ढगातून खोकला येई, आणि खोकल्याच्या दिशेने हात घालून तो उमेदवार बाहेर ओढून काढी.

"इथे मनाई आहे ना?" भात्याने शेजारच्या ढगाला विचारले.

"धुराला," ढग म्हणाला. "ही वाफ आहे. स्ट्रॉबेरी."

आत तंत्रज्ञ बाईंनी भात्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि पाठ केलेले वाक्य सुरू केले. "छाती भरून श्वास घ्या... आणि फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून..." नेहमीचे उमेदवार दुसऱ्या 'फुंका'ला संपत. भाता संपेना. बाईंचे 'अजून' थकले, आवाज बसला, त्यांनी टेबलाचा आधार घेतला, आणि पडद्यावरची रेघ चौकट ओलांडून निघून गेली. बाईंनी नळी त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर लगबगीने आले. रेघ पाहून त्यांनी दार लावून घेतले.

"बसा. बसता येतंय ना तुम्हाला?"

"मला काय झालंय?"

"श्वासाधिक्य. साध्या भाषेत, जादा श्वास. तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या तरुणाला आपल्या शहरात जेवढा असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे."

"मग चांगलंच आहे की!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आपण ठणठणीत आहोत असं वाटणं, हेच या आजाराचं पहिलं लक्षण."

भात्याचा स्वभाव चौकस होता. सामान्य म्हणजे नेमके किती, आणि ते ठरवते कोण, असे त्याने विचारले. डॉक्टरांनाही बऱ्याच दिवसांत असा बोलू शकणारा रुग्ण मिळाला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पूर्वी सामान्यपणा एका जुन्या जाड पुस्तकात होता. 'प्रत्येक तरुण सामान्य' ही मोहीम सुरू झाली तेव्हा पुस्तकाप्रमाणे निम्मे तरुण नापास झाले आणि वर्तमानपत्रांनी विभागाची पार लाज काढली. समिती बसली. समितीपुढे दोन उपाय होते: फुप्फुसे सुधारणे किंवा मर्यादा सुधारणे. फुप्फुसे तरुणांच्या ताब्यात होती. मर्यादा विभागाच्या कपाटात होती. शहरातल्या तरुणांची सरासरी काढून तीच यापुढे सामान्य समजावी असे ठरले, आणि त्या वर्षी विभागाला चषक मिळाला. पुढच्या वर्षी बाजारात वेपच्या नव्या चवी आल्या, सरासरी खाली आली, मर्यादा तिच्यामागून खाली आली, आणि दुसरा चषक मिळाला. आता चषक ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते जुने जाड पुस्तक कपाटातून काढून टाकण्यात आले.

"यंदा शहरातले शंभर टक्के तरुण सामान्य आहेत," डॉक्टर म्हणाले आणि मग भात्याकडे पाहून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे, होते."

"पण मी खालच्या मर्यादेच्या वर आहे ना? मग नापास कसा?"

"खालची मर्यादा आखली की वरची आखावीच लागते. नाहीतर आलेख एका बाजूला कलतो. वाईट दिसतो."

"बरं, मी हळू फुंकतो. घ्या पुन्हा."

"नाही चालत," तंत्रज्ञ बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. "यंत्राला कळतं. 'प्रयत्न अपुरा' असं लिहून येतं. श्वास खरोखरच कमी असावा लागतो."

महिन्याअखेर फेरतपासणी ठरली. आत अपसामान्य रुग्णांसाठी एक सुसज्ज कक्ष होता, त्यात ऑक्सिजनसकट खाट होती, आणि ती उद्घाटनापासून कोरी होती. प्रकृती सुधारली नाही तर ती खाट त्यालाच, असे डॉक्टरांनी मोठ्या मायेने सांगितले. उपचाराबद्दल विचारताच त्यांनी आवाज खाली आणला.

"हे बघा, विभागाचा या असल्या व्यसनांना ठाम विरोध आहे. बाहेर फलक लावलाय तसा. पण तुम्ही रोज दोन तास त्या फलकाखाली बसलात, तर विभाग हरकत घेणार नाही."

घरी बातमी ऐकून आईने हातातले भांडे खाली ठेवले.

"अरे देवा! आता मी लोकांना काय सांगू? मुलाला श्वास जास्त आहे म्हणून?"

"आई, मला काही झालेलं नाही!"

"मग खोकत का नाहीस? शेजारची मुलं बघ, सकाळी उठल्यापासून कशी खोकतात सगळी. भिंतीपलीकडून ऐकू येतं. तुझ्या खोलीतून चकार आवाज नाही. उद्या लग्नाला मुलगी बघायला गेलो तर म्हणतील, मुलगा काहीतरी लपवतोय."

धाकटी बहीण सोफ्यावर लोळत होती. तिला घरात छोटी म्हणत. कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत ती भात्याबरोबर रोज तलावावर यायची आणि पाण्यात त्याला मागेही टाकायची. मग तिला वेळ मिळेनासा झाला. तिचा सामान्यपणाचा दाखला आईने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला होता.

"किती बाऊ करतोस, दादा! हे घे." तिने खिशातून नळकांडे काढले. "कलिंगड आहे. सुरुवातीला कलिंगडच बरं. पुदिना घशाला लागतो."

"तू सोड ते आधी. परवा जिना चढताना कठड्याला धरून उभी होतीस."

"फोन बघत होते."

"फोन घरी होता तुझा."

मामा गॅलरीत सिगारेट ओढत बसले होते. भाच्याचा प्रश्न त्यांनी लगेच आपल्या हाती घेतला. "माझ्याकडे बघ. दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे मला आजवर माहीत नाही, कारण मी कधी वर गेलेलोच नाही. पण काही अडलं का माझं? तू नुसता माझ्या शेजारी बसत जा रे. पैसेही पडणार नाहीत."

"मामा, तुम्हाला डॉक्टरांनी सोडायला सांगितलीय ना?"

"सोडलीय की! ही शेवटची आहे. पाकिटातली."

नोकरी हातची जाऊ नये म्हणून भाता दुसऱ्या दिवशी तलावावर गेला. व्यवस्थापक भला माणूस होता. "तुमच्यासारखा पोहणारा दुसरा नाही," तो म्हणाला, "पण मला पोहणारा नको, सामान्य हवाय. दाखला आणा, खुर्ची तुमची." बोलता बोलता त्याने तलाव दाखवला. खोल बाजूला जाऊन परत येणे सामान्य पोहणाऱ्यांना जमेना, म्हणून पाणी छातीपर्यंत आणले होते. तिथेही तक्रारी आल्या, म्हणून कंबरेपर्यंत. कालच गुडघ्यापर्यंतचा आदेश आला होता. तळाशी बसून पाय हलवणाऱ्यांना पोहल्याचे प्रमाणपत्र मिळत होते.

तलावच कशाला, सगळे शहरच सामान्य माणसाच्या सोयीसाठी जिवाचे रान करत होते. फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही गोल इतके जवळ आणले होते की दोन्ही गोलकीपर वेळ जावा म्हणून पत्ते खेळत. वाढदिवसाच्या केकबरोबर मेणबत्त्या विझवायला बॅटरीवरचा पंखा मिळे. गायनस्पर्धेत पहिली ओळ पूर्ण म्हणणाऱ्याला पारितोषिक होते आणि ते सलग तीन वर्षे कुणालाच देता आले नव्हते. प्रेमात पडलेल्या मुलांना उसासे टाकता येईनात, म्हणून ती फोनवर नुसतेच 'उसासा' असे लिहून पाठवत आणि समोरून 'मीही' असे उत्तर येई. यात गैरसोय कुणाचीच होत नव्हती. म्हणजे, एक भाता सोडला तर कुणाचीच.

महिना संपत आला. फलकाखाली बसून भात्याच्या कपड्यांना सगळ्या फळांचे वास लागले, पण श्वास काही हटेना. तो घरी आला की पंधरा मिनिटे दोरीवरच्या उड्या मारून छाती मोकळी करून घेई, ही सवय त्याला सुटत नव्हती. अखेर फेरतपासणीच्या आदल्या दुपारी तो गॅलरीत गेला आणि छोटीपुढे हात पसरून म्हणाला, "दे ते कलिंगड."

छोटीने आनंदाने टाळी वाजवली. मामांनी खुर्ची दिली. आई दारात उभी राहून कौतुकाने पाहू लागली.

"हळू ओढ. आत धर. पोटात नाही रे, छातीत!"

भात्याने ओढले. त्याची छाती मोठी, म्हणून झुरकाही मोठा गेला. त्याचे डोळे पांढरे झाले, कान लाल झाले आणि नाकातोंडातून बाहेर आलेल्या ढगात आख्खी गॅलरी नाहीशी झाली. त्या ढगातून खोकल्याचा असा स्फोट झाला की मामांच्या हातातली सिगारेट खाली रस्त्यावर पडली. छोटी हसत सुटली. पोट धरून, वाकून वाकून हसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता थांबावे, तर थांबेना. आधी सगळ्यांना वाटले ती अजून हसतेच आहे. मग छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. ती भात्याचा सदरा घट्ट धरून एकेक अक्षर गोळा करत म्हणाली, "दा... दा..."

तिचे ओठ निळे पडत होते.

भात्याने तिला पाठीवर घेतले आणि तो धावत सुटला. केंद्राच्या लिफ्टपुढे सामान्य माणसांची रांग होती. तो तिला घेऊन तीन जिने एका दमात चढला. वर त्याला पाहताच शिपाई ओरडला.

"अरे अरे, किती बिघडलीय तब्येत! एवढं चढून धापसुद्धा नाही!" आणि त्याने चाकांची खुर्ची आणून भात्याच्या मागे लावली.

"मला नको, हिला!"

डॉक्टरांनी छोटीला तपासले. नळी तोंडाला लावली, तेव्हा जी काही झुळूक निघाली ती त्यांनी मोजली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "काळजीचं काही नाही. थोडं काठावर आहे, पण सामान्य."

"डॉक्टर, तिचे ओठ निळे आहेत!"

"या वयात सामान्य असतात तेवढेच निळे आहेत."

"ऑक्सिजन द्या तिला, मी पाया पडतो तुमच्या!"

"सामान्य माणसाला ऑक्सिजन कसा देणार? आत्ताच्या आत्ता खुलासा मागवतील. ऑक्सिजन अपसामान्य कक्षात आहे, आणि तो अपसामान्य रुग्णासाठी आहे."

भाता एकदम म्हणाला, "मग मला दाखल करा. आत्ता. मला खूप जादा होतंय."

त्याला सन्मानाने दाखल करण्यात आले. त्याला खाट मिळाली, मुखवटा मिळाला, श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध मिळाले. खाटेवर त्याने छोटीला झोपवले, मुखवटा तिच्या तोंडाला लावला आणि स्वतः खाली फरशीवर बसला. नियमात ऑक्सिजन कोणत्या खाटेला द्यायचा हे लिहिले होते. कोणत्या नाकाला, हे लिहायचे राहून गेले होते. तंत्रज्ञ बाईंनी एकदा डोकावून पाहिले आणि नोंद केली: 'रुग्ण शांत.' संध्याकाळपर्यंत शिट्टी थांबली. ओठांवर रंग परतला. तेव्हा कुठे भात्याने मान खाली घालून डोळे पुसले.

छोटी कक्षात बरेच दिवस राहिली. बरी होऊ लागताच ती खेकसू लागली.

"माझं कलिंगड कुठंय?"

"मामांना दिलं."

"दादा, तू माणूस आहेस का कोण? माझं डोकं फुटतंय!"

"फुटू दे. छाती नको फुटायला."

"मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, चव बरी आहे, पण मन भरत नाही. आता दोन्ही ओढतात."

ती रागात हसली, आणि हसल्यावर खोकली नाही. हे दोघांच्याही लक्षात आले. पुढे ती कक्षात येरझाऱ्या घालू लागली, मग जिना उतरू-चढू लागली, आणि घरी सोडण्याआधी तिची रीतसर तपासणी झाली तेव्हा पडद्यावरची रेघ वर गेली, आणखी वर गेली आणि लाल झाली.

"अपसामान्य!" डॉक्टर किंचाळले. तोंडाला रुमाल लावून ते दोन पावले मागे सरकले. "संसर्गजन्य आहे! भावाचं बहिणीला झालं!"

आता प्रश्न गंभीर होता. चषकाचा अहवाल पाठवायचा होता आणि त्यात शंभरच्या जागी शंभरच हवे होते. समिती पुन्हा बसली. फुप्फुसे बदलता येत नव्हती. मर्यादा वर नेली तर या दोघांना सोडून उरलेले सगळे शहर नापास होत होते. मोहिमेच्या नावात तीनच शब्द होते. 'सामान्य'ला हात लावायचा नव्हता, 'प्रत्येक' काढता येत नव्हता. उरला 'तरुण'. समितीने एकमताने नवी व्याख्या केली: एक जिना चढल्यावर ज्याला बोलता येत नाही, तो तरुण. इतर सर्व ज्येष्ठ नागरिक.

भाता आणि छोटी एकाच दिवशी ज्येष्ठ झाले. बसमध्ये त्यांना राखीव जागा मिळाली. आईला मात्र हे फार लागले. "माझ्या आधी म्हातारी झाली पोरं माझी," असे ती येईल त्याला सांगू लागली.

तलावाचा व्यवस्थापक तर अक्षरशः हळहळला. "अहो, तुमच्यासाठी जागा अडवून ठेवली होती मी. पण वयोमर्यादा ओलांडलीत, काका." त्याचे स्वतःचे केस पांढरे होते, पण तो जिना चढून बोलू शकत नसल्यामुळे तरुणांत मोडत होता. "जागा काल भरली. एकदम लायक उमेदवार मिळाला. दाखला असा, की डॉक्टरांनी उभं राहून हात मिळवला म्हणे."

भात्याने काठाकडे पाहिले. जीवरक्षकाच्या उंच खुर्चीत, गळ्यात शिट्टी अडकवून, साठीला टेकलेले त्याचे मामा बसले होते. खुर्चीला तीन पायऱ्या होत्या. त्या चढून आल्यापासून ते अजून बोलले नव्हते.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी वाचकांना एक विनंती. खालचे वाक्य मोठ्याने, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता वाचावे.

मामांनी भाच्याला पाहून हात हलवला आणि त्या श्रमाने त्यांचा तोल जाऊन ते खुर्चीवरून गुडघाभर पाण्यात पालथे पडले, शिट्टी तोंडात होती पण ती वाजवण्याइतका वारा छातीत नव्हता, काठावरच्या सगळ्या सामान्य तरुणांनी 'वाचवा' म्हणायला तोंडे उघडली आणि ती तशीच उघडी राहिली, तेव्हा दोन ज्येष्ठ नागरिक, एक दादा आणि एक छोटी, डोळ्याचे पाते लवायच्या आत पाण्यात उतरले, त्यांनी मामांना बाहेर काढले, भात्याने आपल्या छातीतला जादा श्वास मामांच्या तोंडात भरला आणि मामा डोळे उघडून उठून बसले, तर व्यवस्थापकाने तपासणी करून मामांच्या छातीत प्रमाणाबाहेर हवा आढळल्याचे सांगितले, ती कुणाच्या परवानगीने भरली म्हणून भात्याला नोटीस दिली आणि मामांनाही ज्येष्ठ ठरवून ती खुर्ची कायमची रिकामी ठेवली.

मध्ये कुठे थांबलात का? 'शिट्टी'पाशी, की 'छोटी'पाशी? थांबला असाल तर मुळीच काळजी करू नका. सगळे तिथेच थांबतात.